प्रयोगशाळेच्या अहवालामागील अनामिक परीक्षक

वैद्यकीय प्रयोगशाळाशास्त्राला वाहिलेली अनेक नियतकालिके वर्षातून एकदा एक साधी यादी छापतात. तीत केवळ नावे असतात आणि आरंभी आभाराच्या दोन ओळी. वर्षभरात आलेले शोधनिबंध ज्यांनी प्रसिद्धीपूर्वी तपासले, अशा परीक्षकांची ही यादी होय. कोणी कोणता निबंध तपासला याचा उल्लेख तीत नसतो. या कामाबद्दल बहुधा मानधनही मिळत नाही. तरीही आपल्या गावातील रुग्णाच्या हाती पडणारा रक्ताचा वा थुंकीचा अहवाल ज्या पद्धतीने तयार होतो, ती पद्धत विश्वासार्ह ठरविण्यात या मंडळींचा मोठा वाटा असतो.

परीक्षण म्हणजे काय ?

एखाद्या संशोधकाने रोगनिदानाची नवी चाचणी शोधून काढली, तर तो आपला निबंध नियतकालिकाकडे पाठवितो. संपादक तो त्याच विषयातील दोन-तीन तज्ज्ञांकडे सोपवितात. हे तज्ज्ञ किती नमुने तपासले, निरोगी माणसांचे नमुनेही घेतले होते काय, काढलेला निष्कर्ष आकड्यांतून खरोखर निघतो काय, असे प्रश्न विचारतात. त्रुटी आढळल्यास निबंध परत जातो. लंडनच्या रॉयल सोसायटीचे नियतकालिक १६६५ मध्ये सुरू झाले. परीक्षकांकडून लेखी अभिप्राय घेण्याची पद्धत मात्र तेथे १८३० नंतरच्या दशकात रूढ झाली. ही पद्धत निर्दोष आहे असे नव्हे. परीक्षकांच्या नजरेतूनही चुका निसटतात. परंतु एकाने केलेले काम दुसऱ्या जाणकाराने पाहावे, या तत्त्वाला अजून पर्याय सापडलेला नाही.

हाफकिन यांचे उदाहरण

जाणकारांच्या छाननीचे मोल काय असते, हे मुंबईच्या इतिहासात पाहावयास मिळते. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगवरील लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळ येथे त्यांची प्रयोगशाळा स्थापन झाली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी समितीने दोष प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. मात्र बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब साक्षीपुराव्यात होती. रोनाल्ड रॉस आणि अन्य नामवंत शास्त्रज्ञांनी पुरावा नव्याने तपासला. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र प्रसिद्ध करून हाफकिन यांच्यावरील आरोप खोटा ठरला असल्याचे त्यांनी जाहीर केले. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. समव्यवसायी तज्ज्ञांची नजर पाच वर्षे उशिरा पडली, त्याची किंमत एका शास्त्रज्ञाने मोजली.

काचपट्टीची फेरतपासणी

हेच तत्त्व ग्रामीण भागातील प्रयोगशाळेतही अवलंबिले जाते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत व औंढा नागनाथ हे पाच तालुके आहेत. येथील एखाद्या गावातील शेतमजुराला खोकला हटत नाही म्हणून थुंकी तपासणीसाठी पाठविले जाते, तेव्हा तंत्रज्ञ ती काचपट्टीवर पसरवून रंगवितो व सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. निळसर पार्श्वभूमीवर क्षयाचे जंतू तांबड्या काड्यांसारखे दिसतात. जंतू नजरेतून सुटले, तर रुग्ण उपचाराविना घरी परततो आणि घरातील इतरांनाही धोका संभवतो. नसलेले जंतू 'आढळले' असे लिहिले गेले, तर निरोगी माणसाला सहा महिने औषधे घ्यावी लागतात.

म्हणूनच राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात अंध फेरतपासणीची व्यवस्था करण्यात आली. जपून ठेवलेल्या काचपट्ट्यांतून काही यदृच्छया निवडावयाच्या, पहिला निष्कर्ष झाकावयाचा आणि त्या दुसऱ्या जाणकाराने वाचावयाच्या. दोहोंत मतभेद झाल्यास तिसरा परीक्षक निर्णय देतो. रक्तातील साखर, युरिया इत्यादी चाचण्यांसाठीही अशी योजना आहे. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज देशभरातील सहभागी प्रयोगशाळांना नमुने पुरविते व त्यांची उत्तरे परस्परांशी ताडून पाहते. आता क्षयाच्या निदानासाठी जंतूंची जनुकीय ओळख पटविणारी यंत्रे आली आहेत. पण यंत्राच्या उत्तराचीही पडताळणी करावीच लागते.

शिक्षकांना विद्यार्थ्यांपुढे ठेवता येईल असे आणखी एक उदाहरण याच जिल्ह्याशी निगडित आहे. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा नियोजित असून एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. अमेरिकेतील लायगो वेधशाळांना १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरींची प्रथम नोंद मिळाली. तथापि निबंधाचे परीक्षण पूर्ण झाल्यानंतरच, ११ फेब्रुवारी २०१६ रोजी, ती जगापुढे मांडण्यात आली.

आभार कसे मानावेत ?

परीक्षकाचे खरे आभार त्याचे काम सुकर करण्यात आहेत. काचपट्ट्या क्रमवार जपून ठेवणे, नोंदवहीत खाडाखोड न करणे आणि निवडीसाठी सर्व काचपट्ट्या उपलब्ध करून देणे हे तंत्रज्ञाचे कर्तव्य होय. फेरतपासणीत चूक निघाली तर अधिकाऱ्यांनी ती शिक्षेचे निमित्त न करता प्रशिक्षणाची संधी मानावी. कारण शिक्षेच्या भीतीने चुका झाकल्या जातात आणि त्याचा फटका रुग्णाला बसतो. पंचायत सदस्यांनी आपल्या भागातील प्रयोगशाळेस भेट देताना इमारत व यंत्रे यांबरोबरच फेरतपासणी नियमित होते काय, हेही आस्थेने विचारावे.

रॉबर्ट कॉक यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयजंतूचा शोध जाहीर केला, त्याची आठवण म्हणून तो दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीच्या सभेत काचपट्ट्या वाचणाऱ्या तंत्रज्ञांची व त्या पुन्हा तपासणाऱ्या पर्यवेक्षकांची नावे वाचून दाखविली, तर नियतकालिकातील त्या साध्या यादीचा हेतू हिंगोलीच्या गावोगावीही साध्य होईल.