डाएट चालू, तरी वजनाचा काटा का अडतो?

“भात अर्धा केला, मिठाई बंद केली. पहिल्या महिन्यात तीन किलो उतरले. आता दीड महिना झाला, काटा जागचा हलत नाही!” ही तक्रार हल्ली सूरजागड, एटापल्ली, आलापल्लीकडेही ऐकू येते. पूर्वी शेतात आणि जंगलात चालणारे पाय आता ट्रकच्या केबिनमध्ये, दुकानात नाहीतर ऑफिसच्या खुर्चीवर दहा-दहा तास बसून असतात. मग कोणी दोन वेळच्या जेवणाचा ‘दीक्षित डाएट’ धरतो, कोणी रात्रीचं जेवणच सोडतो. सुरुवात छान होते आणि मग गाडी अडते. असं का?

पहिले किलो बरेचसे पाण्याचे

शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं. एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा आणि त्याचं पाणी जातं. म्हणून पहिल्या पंधरवड्यात वजन झरझर उतरतं. चरबी मात्र सावकाश जाते. रमजानमध्ये उतरलेले दोन किलो ईदच्या आठवड्यात परत येतात, त्यामागेही बरंचसं हेच कारण असतं.

शरीराचा हिशोब बदलतो

समजा, ८५ किलोचा माणूस रोज २,३०० कॅलरी खर्च करतो आणि १,९०० खातो. तूट झाली ४०० ची. वजन ७७ वर आलं की हलकं शरीर चालवायला कमी ऊर्जा लागते, खर्च २,१०० वर येतो. तेवढ्यात खाण्यात २०० कॅलरींची ढिलाई आली की तूट शून्य! शिवाय शरीर काटकसरही करतं. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं. २०१६ साली आलेल्या त्या अभ्यासानुसार, विश्रांतीतला त्यांचा खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. म्हणजे काटा अडला की प्रत्येक वेळी माणूसच आळशी असतो, असं नाही.

न मोजलेलं खाणं

तीन कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर: ३० ग्रॅम, म्हणजे १२० कॅलरी. भाजीत जास्तीचे दोन मोठे चमचे तेल पडलं की साधारण २५० कॅलरी. इफ्तारची भजी, मुलांच्या ताटात उरलेला भात, लग्नातली बिर्याणी, हे कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही.

मग करायचं काय?

उपाशी राहणं वाढवू नका. त्याने स्नायू झिजतात आणि खर्च आणखी घटतो. भात थोडा कमी करून डाळ, अंडी, मासे, चणे वाढवा. आठवडाभर खाल्लेलं सगळं, चहासुद्धा, लिहून काढा. रोज अर्धा तास चाला. मुख्य रस्त्यावर खनिजाचे ट्रक धावतात, तेव्हा शाळेचं मैदान बरं. आठवड्यातून दोनदा उठाबशा, वजन उचलणं असे व्यायाम करा. काट्यासोबत कंबरही मोजा: पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. कंबर कमी होत असेल, तर काटा थांबला तरी काम चालू आहे.

इथे मात्र सावध

गडचिरोली-चंद्रपूर भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. अशा व्यक्तीने पाण्याविना लांब उपवास केला तर वेदनांचा झटका येऊ शकतो. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण टाळलं तर साखर धोकादायक खाली जाते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजन उतरवायचं डाएट करूच नये. थकवा, केस गळणं, पाळी अनियमित होणं असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून घ्या. स्टेरॉइड किंवा दुसरं कुठलं औषध चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

काटा अडला म्हणजे मेहनत वाया गेली, असं समजू नका. नव्या वजनाचा नवा हिशोब मांडायची वेळ आली, एवढाच त्याचा अर्थ. उतरलेले चार किलो वर्षभर टिकले, तरी गुडघ्यांना आणि शुगरला त्याचा फायदा होतोच.