आमच्या विकासाचा हिशेब कोण लिहिणार?

फिनलंड हा उत्तर युरोपातला देश. लोकसंख्या ५६ लाखांच्या आसपास, मुंबईच्या निम्मीसुद्धा नाही. तेथील विकास-संस्थांच्या महासंघाने 'माइलमान कुवालेहती' नावाचे नियतकालिक चालवले. भूक, कर्ज, स्थलांतर, हवामानबदल हे आशिया-आफ्रिकेचे प्रश्न त्याने फिनिश वाचकाला त्याच्याच भाषेत सांगितले. ही फिनिश एकेकाळी कुणब्या-मजुरांची बोली होती. कोर्टकचेरी आणि विद्वत्ता स्वीडिशची. १८६३ च्या फर्मानाने तिच्यासाठी कचेरीचे दार उघडले. आज त्याच भाषेत जगाच्या विकासाची चर्चा होते.

आम्हाला हे नवे नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर इंग्रजीत निबंध लिहिला. पण समाजाला जागे करायचे ठरले तेव्हा ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला तो मराठीत! पैसे मोजूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. आपले दुःख दुसऱ्याच्या पत्रात छापून येत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला.

आता वाशिमकडे या. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगाने 'आकांक्षित' ठरवला. महाराष्ट्रातून चारच जिल्हे निवडले : नंदुरबार, वाशिम, उस्मानाबाद आणि गडचिरोली. आरोग्य, शिक्षण, शेती असे ४९ निर्देशांक ठरले आणि जिल्ह्यांना दिल्लीहून गुण मिळू लागले. बालकांचे वजन मोजले, शाळेतले संडास मोजले. मोजायलाच हवे. पण जमीन कोणाच्या नावावर आहे, गायरान कसणाऱ्याला सातबारा मिळाला का, हे त्या ४९ मध्ये कुठे आहे?

भूमिहीनांच्या जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह केले, हजारोंनी तुरुंग भरले. त्यांच्याच नावाने २००४ साली सबळीकरण योजना आली : भूमिहीन दलित कुटुंबाला ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर ओलिताची जमीन. २०१८ पासून त्यासाठी शंभर टक्के अनुदान आहे. परंतु ही जमीन सरकारला विकत घ्यावी लागते. विकणाराच पुढे आला नाही तर योजना कागदावरच! रिसोड, मालेगाव, मानोऱ्यात किती कुटुंबांच्या हाती सातबारा पडला? जी पडली ती जमीन पिकाऊ की खडकाळ? हा हिशेब गावोगाव मांडणारे पत्र कुठे आहे?

दिल्लीचा गुणतक्ता आमच्याविषयी बोलतो, आमच्याशी बोलत नाही. म्हणून वाशिमच्या शिकलेल्या तरुणांना आम्ही सांगतो : जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा बाजूला काढा. चार पानांचे का होईना, पत्र काढा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, तलाठ्याकडून फेरफाराची नक्कल घ्या, गायरानावर जाऊन माणसांशी बोला आणि नावानिशी, गटनंबरानिशी छापा. बाबासाहेबांनी मुक्यांना नायक दिला. आता मुक्यांनीच आपला हिशेब लिहायचा आहे.