लोन ‘पास’ झालं, म्हणजे नक्की काय झालं?



“आपलं लोन पास झालं!” बैठकीत एवढं ऐकलं की सगळ्या खूश. कुणी शेळी ठरवते, कुणी शिलाई मशीन. पण जरा थांबा. ‘पास’ हा इंग्रजी शब्द एवढासा, पण जागा बदलली की त्याचा अर्थही बदलतो.

(कुळवाची पास मात्र आपली मराठी बरं का! तिचा इथे संबंध नाही.)

लेक दहावी पास झाली, म्हणजे परीक्षा पार केली. तिचा एसटीचा पास म्हणजे प्रवासाचा परवाना. शिरूरचा बायपास म्हणजे गावाबाहेरून जाणारा रस्ता, तर हृदयाची बायपास म्हणजे रक्ताला काढून दिलेली दुसरी वाट. ‘पास आउट’ झाली म्हणजे शिक्षण पूर्ण झालं, नाहीतर चक्कर येऊन शुद्ध हरपली! आणि ‘पास अवे’ म्हणजे माणूस वारला.

आता पैशाचं बघू. घोळ इथेच होतो.

ठराव पास झाला : गटाने मंजूर केला.
चेक पास झाला : पैसे खात्यावर आले.
लोन पास झालं : बँकेने मंजूर केलं. पैसे अजून यायचे आहेत!

म्हणून लोन पास झाल्याचं ऐकून दुकानात उधारी करू नका, कुणाला शब्द देऊ नका.

आणखी एक. व्याज मंजुरीच्या तारखेपासून नाही, पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या तारखेपासून लागायला हवं. काही ठिकाणी मंजुरीपासूनच व्याज धरलं जात असल्याचं रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत दिसलं. 29 एप्रिल 2024 च्या परिपत्रकात तिने ही पद्धत चुकीची ठरवली आणि जादा घेतलेलं व्याज परत करायला सांगितलं. गटाचं सीसी कर्ज असेल, तर व्याज पूर्ण मर्यादेवर नाही, उचललेल्या रकमेवरच लागतं.

बँकेत गेलात की न लाजता विचारा :

1. कर्ज मंजूर झालंय की खात्यात जमा झालंय?
2. किती जमा झालं? काही कापून घेतलं का, आणि कशाचं?
3. व्याज कोणत्या तारखेपासून?

पासबुक तिथेच भरून घ्या. आणि इतिवृत्तात नुसतं ‘लोन पास’ लिहू नका. मंजुरीची तारीख वेगळी लिहा, जमा झाल्याची वेगळी. पुढे हिशेब जुळवताना ह्याच दोन ओळी कामाला येतात.