अॅडव्हेंचर खेळाचे मुखचित्र : आकार, अक्षर आणि आश्वासन

संगणकावरील अॅडव्हेंचर खेळ विक्रीस येऊ लागले तेव्हा त्यांना मुखपृष्ठ असे जवळजवळ नव्हतेच. रॉबर्टा आणि केन विल्यम्स या दांपत्याचा ‘मिस्टरी हाउस’ हा खेळ १९८० मध्ये प्लास्टिकच्या पिशवीत फ्लॉपी डिस्क आणि एक छापील कागद घालून विकला गेला. पुढील दहा वर्षांत परिस्थिती पालटली. १९९० च्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ या चाचेगिरीवरील विनोदी खेळाच्या खोक्यावर स्टीव्ह पर्सेल यांनी रंगवलेले, तपशिलांनी भरलेले चित्र होते. गिऱ्हाईक ते खोके हातात घेई, उलटून पाही, मागचा मजकूर वाची आणि मग निर्णय करी. चित्राला स्वतःचा वेळ मिळत असे.

आज संगणकावरील खेळांच्या बाबतीत ते खोके बहुतांशी नाहीसे झाले आहे. स्टीमसारख्या ऑनलाइन दुकानात प्रथम दिसते ते एक आडवे छोटे चित्र, तेही इतर अनेक चित्रांच्या रांगेत. एकट्या २०२४ या वर्षात स्टीमवर १८ हजारांहून अधिक नवे खेळ आले. ज्यांना इंडी म्हणतात अशा स्वतंत्र निर्मात्यांच्या हाती जाहिरातीचे पैसे नसतात. दोघातिघांनी काही वर्षे खपून केलेल्या कामाचे भवितव्य बऱ्याच अंशी या छोट्या चित्रावर अवलंबून राहते. म्हणून मुखचित्र हा शेवटच्या आठवड्यात उरकण्याचा विषय नव्हे.

अॅडव्हेंचर या प्रकाराची अडचण आणखी वेगळी आहे. शर्यतीच्या खेळाला गाडी दाखवता येते, युद्धाच्या खेळाला बंदूक. अॅडव्हेंचर खेळात मात्र खेळणारा मुख्यतः फिरतो, विचारतो, ऐकतो, वस्तू तपासतो आणि तर्क लढवतो. संभाषण चित्रात दाखवता येत नाही. कुतूहलही थेट दाखवता येत नाही. दाखवता येते ते एवढेच, की अमुक एक माणूस अमुक एका जागी आहे आणि तेथे काहीतरी उलगडायचे राहिले आहे. माणूस, जागा आणि प्रश्न या तिन्हींचा मेळ एका नजरेत बसवणे हेच या चित्राचे खरे काम होय.

‘फायरवॉच’ (२०१६) हे त्याचे उत्तम उदाहरण. कॅम्पो सँटो या छोट्या संस्थेच्या या खेळात १९८९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील वायोमिंगच्या जंगलात वणव्यावर नजर ठेवणारा एक पहारेकरी आहे आणि त्याचा आधार म्हणजे वायरलेसवरून ऐकू येणारा एका स्त्रीचा आवाज. खेळाचा गाभा म्हणजे या दोघांचे बोलणे. पोस्टरकार म्हणून आधीच नाव मिळवलेल्या ऑली मॉस यांनी हे बोलणे दाखवण्याच्या फंदात न पडता नारिंगी छटांचे एकामागे एक थर लावले: झाडे, डोंगर, टेहळणीचा मनोरा आणि त्या विस्तारापुढे एकटा माणूस. चित्र कितीही लहान केले तरी नारिंगी रंग आणि झाडांच्या काळ्या कडा टिकून राहतात. शिवाय खेळ सुरू केल्यावर डोळ्यांपुढे येणारे जंगलही त्याच रंगाचे असते. चित्र आणि वस्तू यांत फट राहत नाही, ही बाब सौंदर्याइतकीच महत्त्वाची आहे.

‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) या खेळाचे उदाहरण भारतीय वाचकाला अधिक जवळचे वाटावे. ईस्ट इंडिया कंपनीचे एक बेपत्ता जहाज १८०७ मध्ये निर्मनुष्य अवस्थेत परत येते आणि कंपनीचा विमा तपासनीस त्यावरील साठ माणसांचे काय झाले याचा शोध घेतो, अशी त्याची कल्पना. जहाजावरील मंडळींत हिंदुस्थानी खलाशीही आहेत. लुकस पोप यांनी हा खेळ जवळजवळ एकट्याने बनवला आणि तो संपूर्णपणे दोनच छटांत, जुन्या संगणकाच्या पडद्याप्रमाणे, ठिपक्यांनी रेखाटला. मुखचित्रही त्याच घाटाचे आहे. रंगीबेरंगी चित्रांच्या रांगेत दुरंगी चित्र उठून दिसते हा फायदा आहेच. पण ज्याला हा घाट मुळीच रुचत नाही तो तेथूनच पुढे जातो, हाही फायदाच आहे. असा गिऱ्हाईक मिळवण्यात निर्मात्याचे नुकसान असते.

ते कसे, हे विक्रीच्या नियमांवरून कळते. जून २०१५ पासून स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या खेळाचे पैसे सर्वसाधारणपणे परत मागता येतात. अनेक छोटे अॅडव्हेंचर खेळ मुळात तीन-चार तासांचे, काही तर त्याहूनही लहान. चित्रात तलवार उपसलेला वीर पाहून आलेल्या माणसाला आत पत्रे वाचायची आणि शेजाऱ्यांशी बोलायचे असेल, तर तो पैसे परत मागतो आणि जाताना नापसंतीचा शेराही लिहून जातो. मुखचित्र हे एक आश्वासन आहे आणि येथे ते मोडण्याची किंमत फार लवकर मोजावी लागते.

तलवार दाखवू नये असा मात्र याचा अर्थ नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ (२०२०) हा खेळ भावाला सोडवण्यासाठी असुरांशी लढणाऱ्या मुलीचा. त्याच्या प्रसिद्धिचित्रांत त्रिशूळधारी राजी समोर येते ती योग्यच, कारण खेळणाराही बराच वेळ तो त्रिशूळच चालवतो. शस्त्राचे वजन चित्रात तेवढेच असावे जेवढे ते खेळात आहे.

मोठ्या संस्थांनाही हे नेहमी साधलेले नाही. सोनीच्या ‘इको’ (२००१) या जपानी खेळाचे निर्माते फुमितो उएदा यांनी इटालियन चित्रकार ज्योर्ज्यो द किरिको यांच्या चित्रांवरून स्फूर्ती घेऊन मुखपृष्ठ स्वतः रंगवले: पिवळसर मोकळी जागा, कमानी, लांब सावल्या आणि हात धरून धावणारी दोन चिमुकली माणसे. जपान आणि युरोपात ते वापरले गेले. उत्तर अमेरिकेत मात्र मुलाला ठळकपणे पुढे आणणारे, संगणकावर घडवलेले वेगळेच चित्र छापले गेले. खेळातील एकाकीपणाचा त्यात मागमूस नाही. तेथील कमी विक्रीचा दोष अनेकजण त्या चित्राला देतात. विक्रीची कारणे अनेक असतात, त्यामुळे सगळा भार चित्रावर टाकणे बरोबर नाही. तथापि आजच्या ऑनलाइन दुकानात उएदांचे सुंदर चित्रही जसेच्या तसे चालले नसते. ती धावणारी माणसे छोट्या आकारात दोन ठिपके झाली असती. उरल्या असत्या सावल्या आणि पिवळा रंग.

आकाराचा हा प्रश्न अगदी व्यवहाराचा आहे. स्टीम सध्या एकाच खेळासाठी अनेक मापांची चित्रे मागते: माथ्याचे ९२० बाय ४३० पिक्सेलचे, उभे ७४८ बाय ८९६ चे, खरेदीदाराच्या संग्रहासाठी ६०० बाय ९०० चे आणि सर्वांत लहान आडवे ४६२ बाय १७४ चे. हे शेवटचे चित्र शोधयादीत १२० बाय ४५ इतके आक्रसू शकते. एकच चित्र कापून सगळीकडे बसवणे ही नवख्यांची नेहमीची सवय. मग कोठे नायकाचे कपाळ जाते, कोठे नाव. प्रत्येक मापासाठी मांडणी नव्याने करावी लागते. सर्वांत लहान चित्रात तर खेळाच्या नावाने जवळपास सगळी जागा व्यापली तरी चालते. स्टीमची पाने गडद निळसर असल्यामुळे काळोख्या कडांचे चित्र त्यांत विरघळते, हेही ध्यानात ठेवावे.

नावाच्या अक्षरांकडे येथे विशेष लक्ष द्यावयास हवे. ४५ पिक्सेल उंचीत रोमन मोठी अक्षरे निभावतात. देवनागरीत वरची वेलांटी आणि खालचा उकार यांनाच बरीच उंची लागते, मधले अक्षर बारीक होते आणि जोडाक्षरांचे पोट भरून जाते. उर्दूची नस्तालीक लिपी तर वरून खाली उतरत डावीकडे जाते. तिला उंची हवी, आणि नेमकी तीच येथे नसते. नुक्ते प्रथम नाहीसे होतात, आणि नुक्त्याशिवाय ‘बे’, ‘पे’ आणि ‘ते’ यांत फरक तो काय उरला? मराठी किंवा उर्दू नाव ठेवणाऱ्याने म्हणूनच शक्यतो आखूड नाव निवडावे. तयार फॉन्ट न वापरता अक्षरे हाताने काढून घ्यावीत. उर्दूसाठी लहान मापांत नस्खच्या वळणाचे, आडव्या रेषेवर बसणारे अक्षर वापरण्यास हरकत नसावी. कातिबाच्या कलेला अशा ठिकाणी पुन्हा काम मिळू शकते.

नावाखेरीज इतर मजकूर चित्रावर घालण्याची सोय आता उरलेली नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने या चित्रांवर परीक्षणातील गुण, पुरस्कारांची नावे आणि सवलतीच्या घोषणा लिहिण्यास मनाई केली. खेळाचे चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढेच चालते. मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरील ‘पुरस्कारप्राप्त’चे गोल शिक्के पाहिले की हा नियम आपल्याकडेही यावा असे एखाद्याला वाटल्यास नवल नाही.

चित्र पारखण्याच्या कसोट्या साध्या आहेत. ते काळ्या-पांढऱ्यात रूपांतरित करून पाहावे. आकृती पार्श्वभूमीत बुडाली तर रंगांनी ती वाचणार नाही. त्याच प्रकारच्या वीस खेळांच्या चित्रांमध्ये ते ठेवून पडद्यापासून चार हात दूर उभे राहावे. मग खेळाची काहीच माहिती नसलेल्या माणसाला ते दाखवून ‘यात काय करायचे असेल?’ एवढेच विचारावे. ‘छान आहे’ हे उत्तर निरुपयोगी. ‘कोणाला तरी शोधायचे दिसते’ हे उपयोगाचे.

चित्रकाराकडून काम करून घेताना पार्श्वभूमी, व्यक्ती आणि अक्षरे यांचे वेगवेगळे थर असलेली मूळ फाईल मिळेल, हे आधीच लेखी ठरवावे. थर एकत्र केलेले चित्र हाती आले तर दुसऱ्या मापासाठी पुन्हा सुरुवातीपासून काम. वापराचे हक्क कोणते आणि किती काळाचे हेही त्याच कागदावर यावे, कारण खेळ विक्रीस आल्यानंतरही चित्र बदलता येते आणि पुष्कळदा ते बदलावे लागते.