विश्लेषण : देशभरातील जनित्रे एकाच ठेक्यात कशी फिरतात? ठेका चुकला तर?

कोयनेचे जलविद्युत केंद्र, चंद्रपूरचे औष्णिक केंद्र आणि हिमाचलमधले नाथपा झाकरी यांच्यात शेकडो किलोमीटरचे अंतर. तरीही तिन्हीकडची जनित्रे एकाच ठेक्यात, सेकंदाला ५० आवर्तनांच्या आसपास वीज देतात. त्यांना ताल देणारे मुख्य यंत्र मात्र कुठेही नाही.

मग ठेका कोण धरतो?

जनित्रेच एकमेकांना धरून ठेवतात. एकाच आधाराला टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक आपोआप जुळतात, हे ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६६५ मध्ये पाहिले होते. तिथे लाकडी आधार होता, इथे पारेषण वाहिन्या आहेत. एखादे जनित्र किंचित पुढे गेले की त्याच्यावर जास्त भार येतो आणि ते मंदावते. मागे पडले की भार हलका होऊन ते वेग घेते. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात याला ‘स्विंग इक्वेशन’ म्हणतात. बहुतेकांना ते परीक्षेपुरतेच आठवते!

मेख अशी, की ही ओढ रबरासारखी ताणत राहत नाही. वाहिनीच्या दोन टोकांच्या लयीतला फरक पाव आवर्तनाहून जास्त झाला की ओढ उलट कमी होऊ लागते. मग ठेका तुटतो आणि यंत्रे वाचवण्यासाठी संरक्षक रिले वाहिन्या तोडतात.

२०१२ मध्ये काय घडले?

३० जुलैच्या पहाटे २.३३ वाजता मध्य प्रदेशातील बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी बंद पडली. उत्तरेची राज्ये तेव्हा ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. पश्चिमेची वीज पूर्वेकडून वळसा घेऊन उत्तरेकडे जाऊ लागली, लय ढळली आणि उत्तर ग्रीड कोसळली. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेसह पूर्व आणि ईशान्य ग्रीडही गेली. ६० कोटींहून अधिक लोकसंख्येच्या राज्यांना फटका बसला. महाराष्ट्र ज्या पश्चिम ग्रीडमध्ये आहे, ती वेळीच वेगळी झाल्याने टिकली. दक्षिणही वाचली, कारण ती चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीसारख्या ठिकाणी डीसी दुव्यांनीच जोडलेली होती. डीसीला आवर्तनच नसते, त्यामुळे लय जुळवावी लागत नाही.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणही त्याच ठेक्यात आली. वीज देशभर फिरवणे सोपे झाले. मात्र धक्काही आता दूरवर जाऊ शकतो.

सौरऊर्जेने काय बदलते?

औष्णिक केंद्रातले शेकडो टनांचे फिरते वजन धक्का बसला तरी लगेच थांबत नाही, त्यामुळे सावरायला काही सेकंद मिळतात. सौर पॅनेलमध्ये फिरणारे काहीच नाही. भर दुपारी सौरऊर्जेचा वाटा वाढून औष्णिक संच बंद ठेवले, तर हे सेकंद कमी होतात. बॅटरी आणि ग्रीडला स्वतः लय देणारे इन्व्हर्टर हा त्यावरचा एक उपाय. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये चार ‘सिंक्रोनस कंडेन्सर’ बसवले. ही अवजड यंत्रे वीज तयार करत नाहीत, ग्रीडच्या ठेक्यात नुसती फिरत राहतात.