जुन्या जीपचा सांभाळ

बालाघाट शहरापासून अगदी जवळ असलेले भरवेली हे गाव मँगनीजच्या खाणीमुळे प्रसिद्ध आहे. ही भूमिगत खाण नागपूर येथे मुख्य कार्यालय असलेल्या मॉइल या कंपनीची असून ही कंपनी १९६२ साली स्थापन झाली. नोव्हेंबर १९५६ पूर्वी तर सारा बालाघाट जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच मोडत असे. खाणीची काळी धूळ, पावसाळ्यातील चिखल आणि बैहरच्या अंगाला कान्ह्याचे अरण्य, असा हा मुलूख होय. अशा मुलखाला मानवणारी अमेरिकन मोटार एकच, आणि ती म्हणजे जीप.

अमेरिकन मोटारींचे नाव निघाले की हौशी माणसाच्या डोळ्यांपुढे निराळ्याच गाड्या उभ्या राहतात. १९६४ साली पाँटिॲक कंपनीने जीटीओ ही गाडी काढली. मध्यम बांध्याच्या देहात आठ नळकांड्यांचे, सव्वातीनशे अश्वशक्तीचे एंजिन! त्या देशात अशा दांडग्या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात व आज त्यांचे पोटच्या पोराप्रमाणे लाड होतात. भारतात त्या जवळजवळ आल्याच नाहीत. आयातीवर कडक निर्बंध बसलेले होते आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी १९५४ च्या सुमारास येथील जुळणीचे कारखाने बंद केले होते. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज व प्लिमथ निघत, परंतु त्या शहरातील रस्त्यांच्या गाड्या.

जीपचे एंजिन अवघे साठ अश्वशक्तीचे. तिचा जन्मच घाईत झाला; १९४० साली अमेरिकन लष्कराने पहिला नमुना तयार करण्यास केवळ ४९ दिवसांची मुदत दिली होती. महायुद्ध संपेपर्यंत विलीस व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या भारतात विकल्या गेल्या, आणि स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत महिंद्र कंपनीने विलीसच्या परवान्याने जुळणी सुरू केली. पुढची जाळी पाहिली की दोन्हींतील भेद कळतो. युद्धकाळातील गाडीच्या जाळीला नऊ फटी असतात, नागरी गाडीला सात.

या गाडीचे सामर्थ्य वेगात नाही, तर ती कोणालाही उलगडता येते यात आहे. तिच्या एंजिनाच्या झडपा बाजूस असल्यामुळे माथा उचलला की नळकांडी उघडी पडतात. साधा मिस्त्री पान्यांच्या एका पेटीवर तिचे बहुतेक काम करू शकतो. मात्र पाने इंची हवेत. मिलिमीटरचा पाना जेमतेम बसतो, घसरतो आणि नटाचे कोपरे झिजवून टाकतो. दुसरी गोष्ट चाकांची. युद्धकाळातील व त्यानंतरच्या काही जीपगाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेला पोऱ्या पाइप लावून जोर करतो, तो नट सुटण्याऐवजी आवळला जातो आणि बोल्ट तुटतो. जुनी जीप विकत घेणाऱ्याने प्रथम त्या बोल्टांकडे पाहावे. मागील मालकाजवळ जाणता मिस्त्री होता की नाही, हे त्यावरून पुष्कळसे समजते.

धुळीच्या प्रदेशात सर्वांत जपावयाचे ते हवा गाळण्याचे भांडे. जीपमध्ये ते तेलाचे असते. आत येणारी हवा तेलावरून वळते व धूळ तेलात बसते. तेल दाट झाले, म्हणजे ते ओतून, भांडे रॉकेलने धुऊन नवे भरावे. खाणीच्या किंवा खडीच्या रस्त्यावर हे काम आठवड्याला करावे लागले तरी कंटाळू नये. स्प्रिंगच्या पाट्यांचे सांधे, सुकाणूचे जोड व फिरते दांडे यांना ग्रीसची अनेक तोंडे असतात. चिखलातून आल्यावर जुने ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे भरावे, कारण त्याबरोबर आत शिरलेले पाणीही निघते. पुढची चाके एंजिनाला जोडणारा दांडा चिखल व वाळू यांपुरताच वापरावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो तसाच ठेवला, तर वळणावर पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन दातेचक्रांवर फुकटचा ताण पडतो. नवशिक्यांकडून ही चूक हमखास होते.

पेट्रोल ही आता नवी चिंता झाली आहे. अलीकडे पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या रबराच्या नळ्या व पेट्रोल-पंपातील पडदा इथेनॉलने फुगतो किंवा तडकतो. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते आणि उभ्या गाडीच्या टाकीला आतून गंज चढतो. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या व पडदा घालून घेणे हाच यावर उपाय. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत.

खरा पेच याहून वेगळा आहे. पेट्रोल परवडेना म्हणून असंख्य मालकांनी मूळ एंजिन काढून डिझेलचे बसविले. पत्रा कुजला तेव्हा स्थानिक लोहाराकडून नवा ठोकून घेतला. त्यामुळेच या गाड्या राबत राहिल्या. परंतु जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे जे नियम केले, त्यांनुसार पन्नास वर्षांहून जुने वाहन 'व्हिंटेज' ठरण्यासाठी मूळ रूपात असावे लागते. सांगाडा, वरचे शरीर किंवा एंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. म्हणजे गोठ्यात झाकून ठेवलेली जीप मानाची ठरते आणि चाळीस वर्षे शेत, खाण व जंगल तुडविणारी मात्र त्या मानाबाहेर राहते! नियम करणाऱ्यांचा हेतू अस्सलपणा राखण्याचा आहे हे खरे. तथापि कष्टाने जिवंत राहिलेल्या वस्तूला त्यात जागा उरली नाही, हेही तितकेच खरे. या नोंदणीचे पहिले शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची, आणि नूतनीकरणास पाच हजार. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज बाजारहाट करणाऱ्याने तिच्या वाटेस जाऊ नये. त्याला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारी नेहमीची फेरनोंदणीच सोयीची.

ज्याला पुढे कधी मूळ रूपाकडे वळावेसे वाटेल, त्याने बदललेले एंजिन भंगारात घालू नये. प्लग काढून प्रत्येक नळकांड्यात चमचा-दोन चमचे तेल सोडावे, प्लग परत बसवावेत, सारी तोंडे ग्रीस लावलेल्या कापडाने बंद करावीत आणि एंजिन जमिनीवर न ठेवता लाकडी ओंडक्यांवर ठेवावे. दर दोन महिन्यांनी प्लग सैल करून हँडलने ते दोन-चार फेरे फिरवावे आणि हँडल कोठे अडते का, ते पाहावे.