न्याहारीची वडी आणि तिची मात्रा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे नियमित तपासणीस येणारे एक निवृत्त शिक्षक नेहमीप्रमाणे रक्ताचा अहवाल घेऊन आले. मधुमेह दहा वर्षांचा. औषधे वेळेवर, सकाळचे फिरणे कधी चुकत नसे. तरीही त्या खेपेस त्यांचे एचबीएवनसी ७.१ वरून ८.२ वर गेले होते. खाण्यात काही बदल झाला का, असे मी विचारले. ते काहीशा अभिमानानेच म्हणाले, “झाला ना! तुम्हीच म्हणाला होतात, पोहे-जलेबी सोडा, ओट्स खा. तेव्हापासून सकाळी दोन ओट्सच्या वड्या खातो. संध्याकाळी भूक लागली तर आणखी दोन.” आणि त्यांनी पिशवीतून एका वडीचे वेष्टन काढून माझ्यापुढे ठेवले.

वेष्टनावर दुधाळ कणसांचे सुंदर चित्र होते. मागच्या बाजूस बारीक अक्षरांत घटकांची यादी होती. आपल्याकडील नियमानुसार ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. पहिले नाव ग्लुकोज सिरपचे, दुसरे साखरेचे आणि ओट्सचा क्रमांक तिसरा. एका वडीत १२ ग्रॅम साखर, म्हणजे चार वड्यांत जवळजवळ ५० ग्रॅम. मुक्त शर्करा एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी, आणि शक्य तर ५ टक्क्यांहून कमी, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ सालची शिफारस आहे. माझा रुग्ण माझ्याच सल्ल्याने रोज तिच्या दुप्पट साखर खात होता.

चूक त्यांची नव्हती. औषध लिहून देताना आपण नाव, मात्रा, वेळ आणि किती दिवस घ्यायचे हे सारे लिहितो. आहाराचा सल्ला मात्र ‘ओट्स खा’ अशा दोन शब्दांत उरकतो. त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवला. त्यातून जे शिकले, ते आपल्या मंडळाच्या स्मरणिकेतून मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

वैद्यांनीच काढलेली न्याहारी

धान्य, सुकी फळे आणि कवचफळे यांच्या तयार न्याहारीचा उगम आपल्याच व्यवसायात आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल येथे आरोग्यधाम चालवणारे डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी १८६३ मध्ये ‘ग्रॅन्युला’ नावाचा पदार्थ तयार केला. कोंड्यासकट गव्हाच्या पिठाचे ते तुकडे इतके कडक असत की ते रात्रभर भिजवल्याखेरीज खाता येत नसत. पुढे बॅटल क्रीक येथील डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी तशाच पदार्थाला ‘ग्रॅनोला’ हे नाव दिले. १९०० च्या सुमारास झुरिक येथील डॉ. मॅक्सिमिलियन बिर्शर-बेनर यांनी आपल्या रुग्णांसाठी ‘म्युसली’ सुरू केली. त्यांच्या मूळ पाककृतीत मुख्य घटक होता किसलेले सफरचंद. भिजवलेले ओट्स केवळ चमचाभर आणि वरून थोडी कवचफळांची पूड.

म्हणजे ही न्याहारी जन्मली ती रुग्णालयात, ठरलेल्या प्रमाणात. बाजारात आल्यावर तिचे नाव टिकले, प्रमाण मात्र उलटले. आपल्या परंपरेलाही ही जाण होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायाचे नावच ‘मात्राशितीय’ असे आहे.

ओट्स काय करतात?

ओट्स म्हणजे हिंदीतील जई. आपल्या माळव्यात तिची ओळख गुराढोरांचा चारा म्हणूनच अधिक. १०० ग्रॅम ओट्समध्ये सुमारे ३८० उष्मांक, १३ ग्रॅम प्रथिने आणि १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. त्यांचा विशेष म्हणजे बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू. तो वजनाच्या सुमारे ४ टक्के असतो. तो पाण्यात विरघळून बुळबुळीत, दाट द्राव बनवतो. आतड्यातील या दाटपणामुळे शर्करेचे शोषण मंदावते आणि पित्ताम्ले मलावाटे अधिक प्रमाणात बाहेर पडतात. ती भरून काढण्यासाठी यकृत रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल वापरते.

रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन घेतल्यास एलडीएल साधारण ५ ते ७ टक्के उतरते. याच मात्रेच्या आधारावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सविषयीचा आरोग्यदावा छापण्यास अनुमती दिली. स्टॅटिन औषधांनी एलडीएल ३० ते ५० टक्के उतरते, हे लक्षात घेता ओट्स खातो म्हणून गोळी बंद करणे सर्वथा अयोग्य. आता ही ३ ग्रॅमची मात्रा ताटात कशी दिसते, ते पाहू.

वाटीभर ओट्स

एका व्यक्तीसाठी ४० ग्रॅम जाड ओट्स घ्यावेत. झटपट शिजणारे, बारीक केलेले ओट्स शक्यतो टाळावेत. दाणा जितका अधिक मोडलेला, तितकी रक्तशर्करा लवकर चढते. १०० मिलीलिटर पाणी व १५० मिलीलिटर दूध घालून मंद आचेवर सहा-सात मिनिटे शिजवावे. साखर घालू नये. एक सुके अंजीर बारीक चिरून आणि बदाम, अक्रोड मिळून १५ ग्रॅम वरून घालावेत. चिमूटभर वेलची किंवा दालचिनी पुरे. उन्हाळ्यात हेच मिश्रण न शिजवता रात्रभर शीतकपाटात भिजवले तरी चालते.

या वाटीत साडेतीनशेच्या थोडे वर उष्मांक, सुमारे १३ ग्रॅम प्रथिने आणि दीड ग्रॅमच्या आसपास बीटा-ग्लुकन मिळते. म्हणजे ३ ग्रॅमसाठी अशा दोन वाट्या हव्यात, किंवा एक वाटी ओट्स आणि दिवसभरात जवाची भाकरी वा खिचडी. जवातही हाच तंतू असतो.

घरची वडी

सकाळी साडेसातला शस्त्रक्रियागृहात उभे राहणाऱ्यास, रात्रपाळी करणाऱ्या निवासी डॉक्टरास किंवा शिकवणीला धावणाऱ्या मुलास वाटी घेऊन बसणे जमत नाही. त्यांच्यासाठी वडी.

साहित्य : जाड ओट्स २०० ग्रॅम, बदाम, अक्रोड व शेंगदाणे प्रत्येकी ५० ग्रॅम, भोपळ्याच्या बिया व तीळ प्रत्येकी २५ ग्रॅम, जवस २० ग्रॅम, बिया काढलेला मऊ खजूर १५० ग्रॅम, सुके अंजीर ५० ग्रॅम, सुंठ, वेलची व चिमूटभर मीठ. सारे जिन्नस तोलूनच घ्यावेत, कारण एकाच वाटीत जाड ओट्स आणि कुटलेले ओट्स यांचे वजन निराळे भरते.

कृती : ओट्स जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आठ-दहा मिनिटे, खमंग वास येईपर्यंत कोरडे भाजावेत. बदाम, अक्रोड, बिया आणि तीळ वेगवेगळे भाजावेत. अक्रोड जेमतेम गरम करावेत; त्यांतील तेल नाजूक असते. बदाम व अक्रोड भरड कुटावेत. शेंगदाणे भाजून, सोलून, तेल सुटेपर्यंत वाटावेत. जवस भाजून त्याची पूड करावी. खजूर व अंजीर गरम पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून, निथळून वाटावेत. ते पाणी टाकू नये. हा लगदा मंद आचेवर कढईच्या कडा सोडेपर्यंत परतावा. मग आच बंद करून त्यात शेंगदाण्याचा लगदा, जवस, सुंठ, वेलची व मीठ आणि शेवटी कोरडे मिश्रण घालून एकजीव करावे.

पहिल्या खेपेस माझ्या वड्यांचा भुगा झाला. सासूबाई शेजारी बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, डिंकाचे लाडू करताना मूठ वळून बघतो ना? तशी बघ आधी.” तीच कसोटी येथेही खरी. मूठभर मिश्रण दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे. न टिकल्यास भिजवणीचे एक-दोन चमचे पाणी घालावे. तुपाचा हात लावलेल्या २० सेंटीमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनी ट्रेमध्ये मिश्रण पसरून वाटीच्या बुडाने घट्ट दाबावे. दोन तास थंड करून दहा सेंटीमीटर लांब व अडीच सेंटीमीटर रुंद अशा १६ वड्या कापाव्यात. हिवाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर, एरवी शीतकपाटात दोन आठवडे त्या टिकतात. खवट वास आला तर संकोच न करता फेकून द्याव्यात. कुबट किंवा बुरशी लागलेले शेंगदाणे तर मुळातच वापरू नयेत.

चिक्कीत गुळाचा पाक कडक होऊन दाण्यांना धरतो. मऊ खजुरातील साखर मुख्यतः ग्लुकोज व फ्रुक्टोज अशा रूपात असते. ती ओलावा धरून ठेवते आणि सहसा स्फटिक होऊन जमत नाही, म्हणून वडी मऊ राहते व वेगळा पाक लागत नाही.

हिशेब

या प्रमाणात एक वडी सुमारे ४० ग्रॅमची होते. तीत साधारण १६० उष्मांक, ५ ग्रॅम प्रथिने, पावणेचार ग्रॅम तंतू आणि ८ ग्रॅम साखर असते. ही साखर जवळजवळ सगळी खजूर व अंजिराची. याच मिश्रणात १०० ग्रॅम मध ओतला तर प्रत्येक वडीमागे ५ ग्रॅम साखर वाढते. मध, गूळ, खजुराचे सिरप यांना ‘नैसर्गिक’ म्हटल्याने रक्तशर्करेला फरक पडत नाही. १०० ग्रॅम मधात सुमारे ८० ग्रॅम आणि खजुरात सुमारे ६५ ग्रॅम साखर असते. खजूर अख्खा चावून खाणे आणि वाटून खाणे यांतही अंतर आहे. वाटल्याने पेशींची बांधणी मोडते व साखर मोकळी होते. म्हणून घरची वडीही मोजूनच खावी.

आता बीटा-ग्लुकन. २०० ग्रॅम ओट्समध्ये ते सुमारे ८ ग्रॅम, म्हणजे एका वडीत केवळ अर्धा ग्रॅम. कोलेस्टेरॉलसाठीची ३ ग्रॅमची मात्रा वड्यांतून गाठायची तर रोज सहा वड्या, म्हणजे साडेनऊशेहून अधिक उष्मांक खावे लागतील! हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा मीही चकित झाले. वडी ही उत्तम न्याहारीची सोय आहे. कोलेस्टेरॉलवरील उपाय नव्हे. ते काम वाटीचे आहे.

प्रौढ माणसास एक वडी, सोबत पेलाभर दूध किंवा वाटीभर दही व एखादे ताजे फळ, एवढी न्याहारी पुरेशी आहे. चहा लगेच नको. त्यातील टॅनिनमुळे लोहाचे शोषण घटते. पेरू किंवा संत्रे असल्यास त्यातील क जीवनसत्त्वाने ते वाढते.

कोणी जपावे?

मधुमेहींनी न्याहारीत एकच वडी घ्यावी आणि पहिले काही दिवस न्याहारीनंतर दोन तासांनी रक्तशर्करा तपासावी. इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : साखर अचानक उतरली तर ही वडी उपयोगाची नाही. तिच्यातील स्निग्धांश व तंतू शोषण लांबवतात. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखरेचे पाणीच घ्यावे.

मूत्रपिंडाच्या जीर्ण विकारात खजूर, अंजीर व कवचफळे यांतील पोटॅशियम व फॉस्फरस घातक ठरू शकतात. वैद्यकीय सल्ल्याविना वडी देऊ नये. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेऊन किमान अर्धा ते एक तास थांबावे. सिलिअॅक विकारात ग्लुटेनमुक्त असे प्रमाणित केलेले ओट्सच वापरावेत, कारण गिरणीत गव्हाची भेसळ सहज होते. काही थोड्या रुग्णांना तेही सोसत नाहीत. शेंगदाणे वा कवचफळांची अॅलर्जी असणाऱ्यांस ही वडी वर्ज्य. पाच वर्षांखालील मुलांना कवचफळांचे तुकडे देऊ नयेत; घशात अडकण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी सारे बारीक दळून घ्यावे.

आमच्या इंदुरात पोह्यांची जागा कोणी घ्यावी, असे मी म्हणणार नाही. रविवारी पोहे जरूर खावेत, शेव जरा हात राखून. राहिलेल्या दिवसांचा हिशेब नीट असला म्हणजे झाले.

ते शिक्षक पुढच्या वेळी आले तेव्हा त्यांनी घरी केलेल्या वड्यांचा डबा आणला होता, आणि झाकणावर सुनेच्या अक्षरात चिठ्ठी होती : ‘एक वडी, ४० ग्रॅम.’ सहा महिन्यांनी त्यांचे एचबीएवनसी ७.३ वर आले. आता मी औषधांच्या यादीखाली आहारही तसाच लिहिते : जाड ओट्स, ४० ग्रॅम, सकाळी, बिनसाखरेचे, आठवड्यातून पाच दिवस.